माळरानाच्या संवर्धनासाठी अनुदान कोणाला, कशासाठी आणि किती वर्षे द्यावे?

गोदातीर

नमस्कार. मी मूळची पैठण तालुक्यातील असून प्राणिशास्त्रातील संशोधनानंतर गेली अकरा वर्षे वन्यजीव संवर्धनाच्या क्षेत्रात काम करीत आहे. एका धर्मादाय संस्थेने येत्या एप्रिलपासून माझ्याकडे दोन कामे एकत्रच सोपवली आहेत. पहिले म्हणजे लहान संस्थांना व संशोधकांना अनुदान देण्याच्या कार्यक्रमाचे नेतृत्व, आणि दुसरे म्हणजे संस्थेचे विज्ञान-धोरण, अर्थात कोणत्या प्रश्नांची उत्तरे शोधायची, कोणत्या पद्धतीने शोधायची आणि मिळालेल्या उत्तरावर किती विसंबायचे, हे ठरवणे. आजवर संस्थेचा बहुतेक पैसा सह्याद्रीत आणि विदर्भातील व्याघ्र प्रकल्पांच्या आसपास खर्च झाला. मराठवाड्यातून अर्जच येत नाहीत, असे त्याचे कारण मला सांगण्यात आले. परंतु अर्ज का येत नाहीत, हे मात्र कोणी विचारलेले दिसत नाही.

माझा कच्चा आराखडा असा आहे. दरवर्षी जानेवारीत अर्ज मागवायचे, एप्रिलमध्ये रक्कम द्यायची आणि पुढील मार्चअखेर अहवाल घ्यायचा. पहिल्या वर्षी दहा प्रकल्प, प्रत्येकी तीन लाख रुपयांपर्यंत. प्राधान्य जायकवाडी, गौताळा औट्रमघाट, नायगाव मयूर आणि येडशी रामलिंग घाट या चार अभयारण्यांना. प्रत्येक प्रकल्पाने आरंभी एक प्राणीगणना आणि शेवटी एक प्राणीगणना करायची, म्हणजे पैशाने काय बदलले ते दिसेल.

हा आराखडा सुटसुटीत आहे आणि विश्वस्तांना तो पाहताक्षणी आवडला. म्हणूनच मला त्याची थोडी धास्ती वाटते. येथे मराठवाड्यातील जाणती मंडळी आहेत. त्यातील चुका आपण स्पष्ट सांगाव्यात, ही विनंती.

बालाघाटी

ताई, मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आपल्या आराखड्यातील पहिली चूक मला अभयारण्यांच्या यादीत दिसते. नायगाव मयूर अभयारण्य सुमारे तीस चौरस किलोमीटरचे आहे आणि येडशी रामलिंग घाट त्याहूनही लहान, जेमतेम बावीस. डिसेंबर २०२४ मध्ये याच येडशीच्या जंगलात कॅमेऱ्याने वाघ टिपला आणि तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याचे निष्पन्न झाले. त्याआधी २०१९ मध्ये टिपेश्वरच्याच, रेडिओ कॉलर लावलेल्या एका तरुण वाघाने तेराशे किलोमीटरहून अधिक भटकंती करून बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य गाठले होते. ही जनावरे कोणत्या अभयारण्यातून चालत आली? ती आली नाल्यांच्या काठाने, उसाच्या फडांतून, गायरानांवरून आणि लोकांच्या शेतांतून. लांडगा, खोकड, काळवीट, तरस, धाविक पक्षी हे आपल्याकडील खरे रहिवासी तर बहुतांशी अभयारण्याच्या हद्दीबाहेरच राहतात, आणि त्यांचे घर महसुली दप्तरात ‘पड’ किंवा ‘गायरान’ म्हणून नोंदलेले असते. अनुदान अभयारण्यनिहाय वाटले, तर आपले विज्ञान-धोरण पहिल्याच दिवशी या प्राण्यांना वगळून बसेल.

दुसरी गोष्ट स्वतःच्या अनुभवातून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका देणगीदाराकडून आम्हाला लांडगा आणि बिबट्या यांच्यामुळे होणाऱ्या पशुधनाच्या हानीच्या पाहणीसाठी पैसे मिळाले. मंजुरी जुलैची होती, प्रत्यक्ष रक्कम डिसेंबरात आली आणि अहवाल मार्चअखेर हवा होता. आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत गावोगाव फिरलो. घरी म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली शाळकरी मुले. बाकीचे सगळे ऊसतोडीला गेलेले. बैल गाडीवान टोळ्यांबरोबर आणि शेळ्या कोणा नातलगाच्या दावणीला. आम्ही प्रामाणिकपणे लिहिले की, हानीचे प्रमाण अल्प आहे. पाडव्यानंतर टोळ्या परतल्यावर मी माझ्या समाधानासाठी त्यांपैकी चार गावांत पुन्हा गेलो, तेव्हा उत्तरे पार वेगळी मिळाली. तोवर अहवाल सादर झाला होता, देणगीदार खूश होता आणि ती फाइल बंद झाली होती.

काळाचा परिणाम आणखीही एका तऱ्हेने होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसांचा जीव गेला. त्या महिन्याच्या आधी घेतलेल्या मुलाखती आणि नंतर घेतलेल्या मुलाखती एकाच रकान्यात मांडणे, हे विज्ञान नव्हे. प्रश्नावली तीच असली तरी ती ऐकणारा माणूस तोच राहिलेला नसतो.

हिशेबनीस

मी लातूरला सनदी लेखापाल आहे आणि डझनभर लहान संस्थांचे लेखापरीक्षण करतो. बालाघाटी सरांनी जुलैतील मंजुरी आणि डिसेंबरातील पैसे यांविषयी लिहिले, त्याचे मूळ कायद्यात आणि त्याहून अधिक आळसात आहे.

संस्थेला कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी मिळत असेल, तर कंपनी अधिनियम २०१३ चे कलम १३५ लागू होते. पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे असतात आणि वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून फेब्रुवारीत सर्वांची धांदल उडते. परंतु कंपनीच्या संचालक मंडळाने एखादा प्रकल्प आरंभापासूनच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला, तर सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षे तो चालवता येतो आणि शिल्लक रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून वापरता येते. म्हणजे जवळजवळ चार वर्षांची सोय कायद्यातच आहे. अर्जदार ती मागत नाहीत आणि कंपन्या आपण होऊन सांगत नाहीत. आपल्या पदावरील व्यक्तीने हे मागून घ्यावे.

संस्थेला परदेशी देणगी मिळत असेल, तर अधिक सावध राहावे. विदेशी योगदान नियमन अधिनियमात २०२० साली दुरुस्ती झाली आणि परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास मनाई करण्यात आली. पूर्वी मोठी संस्था परदेशातून पैसे घेऊन लहान संस्थांना वाटत असे. ती वाट आता बंद आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. तेव्हा अनुदानवाटपाची पेटी निव्वळ देशी पैशाची ठेवावी, आणि परदेशी पैसा असलाच तर तो संस्थेच्या स्वतःच्या क्षेत्रकार्यावर व उपकरणांवर खर्च करावा. दोन्हींची सरमिसळ झाली, तर आपल्या विज्ञानाला विचारतो कोण, आधी नोंदणीच धोक्यात येईल.

आणखी एक बारीक पण महागडी बाब. वित्त अधिनियम २०२३ नंतर एका नोंदणीकृत न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीपैकी पंच्याऐंशी टक्केच रक्कम उद्दिष्टांवरील खर्च म्हणून धरली जाते. शंभर रुपये वाटले तरी आयकरासाठी पंच्याऐंशीच मोजले जातील, हे विश्वस्तांना अंदाजपत्रकाच्या बैठकीतच सांगून ठेवावे. वर्षअखेरीस सांगितले की, दोष अनुदान विभागाच्या माथी येतो.

आणि अर्ज का येत नाहीत म्हणाल, तर तालुक्याच्या ठिकाणच्या निम्म्याअधिक मंडळांचे धर्मादाय कार्यालयातील बदल अहवाल प्रलंबित असतात. कार्यकारिणी बदललेली असते, पण कागदावर दिवंगत अध्यक्ष अजून अध्यक्षच असतात. अशा मंडळाला कोणती बँक स्वाक्षरी बदलून देईल? अनुदानातील थोडी रक्कम ही कागदपत्रे सुरळीत करण्यासाठी देता आली, तर आपल्याकडे अर्ज येऊ लागतील.

निवृत्त वनपाल

गणनेविषयी लिहितो, कारण आयुष्यातील बऱ्याच बुद्धपौर्णिमा मी मचाणावर काढल्या आहेत. पाणवठ्यावर रात्रभर बसून किती जनावरे आली ते लिहिणे हा आनंदाचा भाग आहे, आणि आता वन विभागही त्याला ‘निसर्गानुभव’च म्हणतो. त्या आकड्यांवरून संख्या वाढली की घटली, हे ठरवता येत नाही. दुष्काळात दोनच पाणवठे उरतात, त्यामुळे साऱ्या परिसरातील जनावरे तेथे लोटतात आणि आकडा फुगतो. अवकाळी पाऊस झाला की डबकीडबकी भरतात आणि मचाणावरचा माणूस रात्रभर चांदणे मोजतो. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तो एप्रिल २०१६ चा उन्हाळा आठवा, आणि त्याच वर्षीचा चांगला पावसाळा आठवा. त्या उन्हाळ्यात पहिली आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरी गणना करून कोणी अहवाल लिहिला असता, तर संवर्धनाचे काम केल्यामुळे प्राणी कमी झाले, असाच त्याचा निष्कर्ष निघाला असता!

वाघांचेही असेच झाले होते. ठशांवरून मोजणी चालू असताना कागदावर वाघ होते आणि २००४-०५ मध्ये राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही उरला नसल्याचे उघडकीस आले. त्यानंतर देशाने पद्धत बदलली आणि कॅमेऱ्यांचा व नमुना पाहणीचा आधार घेतलेल्या २००६ च्या अंदाजात १,४११ हा आकडा आला. तो आधीच्या आकड्यांपेक्षा फार कमी होता आणि पुष्कळांना तो रुचला नाही; पण पुढचे सगळे नियोजन त्यावरच उभे राहिले. आपल्या संस्थेला न आवडणारा आकडा आला, तर तो छापण्याची मुभा आपल्याला आहे का, हे रुजू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

परवानगीविषयी दोन वाक्ये. अभयारण्यात अभ्यासासाठी जायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली, आणि प्राणी पकडायचा किंवा त्याला कॉलर लावायची तर कलम १२ खाली परवानगी लागते. त्यासाठी अर्ज नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो आणि त्यात महिने जातात, म्हणून अनुदानाचे घड्याळ मंजुरीच्या तारखेपासून न धरता परवानगीच्या तारखेपासून धरावे.

माळावरचा

मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकतो. माझे आजोबा आणि चुलते अजूनही मेंढरे घेऊन बालाघाटाच्या माळांवर फिरतात. लांडग्यांचा अभ्यास करणारे पाहुणे आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, अनेकदा आले आणि आजोबांनी त्यांना विणीची जागा दाखवली, पाऊल ओळखायला शिकवले, कोणत्या ओढ्याने कळप उतरतो ते सांगितले. पुढे छापून आलेल्या अहवालात ‘स्थानिकांचे सहकार्य लाभले’ एवढे एक वाक्य होते. ज्या दिवशी आजोबा त्यांच्याबरोबर फिरले, त्या दिवशी मेंढरांमागे रोजाने माणूस लावावा लागला होता. ती मजुरी आम्ही दिली. माझी तक्रार त्या पाहुण्यांविषयी नाही, कारण त्यांच्या मंजूर अंदाजपत्रकात गाडीचे डिझेल होते आणि माणसाच्या ज्ञानाचा रकानाच नव्हता. तो रकाना अर्जाच्या नमुन्यात आपणच घालू शकता.

विणीच्या जागांचे अक्षांश-रेखांश मात्र जाहीर अहवालात कधीही घालू देऊ नका. हिवाळ्यात पिल्ले असतात, आणि नकाशा केवळ अभ्यासकच वाचतात असे नाही.

आपण कशाला पैसे देणार नाही, हेही एकदा जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे. माळावर खड्डे खणून रोपे लावणे याला आमच्याकडे सर्वांत सहज पैसा मिळतो. २०१९ साली राज्याने तेहेतीस कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते, तेव्हा उघडा माळ म्हणजे रिकामी जागा, असे समजून पुष्कळ ठिकाणी चर खणले गेले. पवन्या आणि मारवेल गवताची जागा गेली की मेंढरू उपाशी राहते आणि काळविटालाही तो माळ सोडावा लागतो. मग दोघेही ज्वारीत शिरतात आणि शेतकरी दोघांनाही शिव्या घालतो. गवताळ माळावरील वृक्षलागवडीला अनुदान मिळणार नाही, हे एक वाक्य आपल्या धोरणात आले, तर मी ते छापून गावच्या पारावर लावीन.

गोदातीर

आपण सर्वांनी माझा आराखडा जवळजवळ मोडीत काढला, याबद्दल मनापासून आभार. माळावरचा, आपल्या आजोबांच्या रोजाची गोष्ट वाचून मी स्वतःचे जुने अंदाजपत्रक काढून पाहिले. त्यातही तो रकाना नाही.

अभयारण्यनिहाय प्राधान्य मी काढून टाकत आहे. त्याऐवजी माळरान, गायरान व ओढ्यांचे काठ अशा अधिवासांनुसार अर्ज मागवावेत आणि अनुदान तीन वर्षांचे असावे, असे वाटते. मराठवाड्यात एक सुकाळ आणि एक दुष्काळ तरी पाहिल्याशिवाय कोणत्याही निष्कर्षावर विश्वास ठेवता येणार नाही. तीन वर्षांत दोन्ही येतीलच याची शाश्वती नसली, तरी एका वर्षापेक्षा ते बरे. अर्थात त्यामुळे दहाऐवजी चारच प्रकल्प घेता येतील. हे विश्वस्तांना पटवणे अवघड जाईल.

नाथसागर

मला येथे असहमती नोंदवायची आहे. चार मोठी दीर्घ अनुदाने म्हणजे चार ओळखीच्या संस्था, हे आपण सर्व जाणतो. किनवटच्या एखाद्या तेवीस वर्षांच्या मुलीला घुबडांचा अभ्यास करायचा असेल, तर तिच्यावर तीन वर्षांचा भरवसा कोणती निवड समिती टाकेल? तिला पन्नास हजार रुपये आणि एक हिवाळा मिळाला, तर ती स्वतःला सिद्ध करील. दीर्घ मुदतीच्या नावाखाली नव्यांसाठी दार लावून घेऊ नका.

आणि जायकवाडीचे प्राधान्य काढताना थोडे थांबा. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, दर जानेवारीत आम्ही पक्षी मोजतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ मध्ये सुरू झाली आणि जायकवाडी पक्षी अभयारण्य तिच्या आदल्याच वर्षी जाहीर झाले. धरणातील पाण्याची पातळी दरवर्षी बदलते. धरण तुडुंब असले की चिखलाचे काठ बुडतात, चिखलपायट्यांसारख्या काठावरच्या पक्ष्यांना उतरायला जागा उरत नाही आणि संख्या घटते. पाणी ओसरलेल्या वर्षी रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) काठाजवळ येतात. म्हणून आम्ही पक्ष्यांच्या आकड्यासमोर त्या दिवशीची पाणीपातळी लिहितो. या कामाला तीन लाख नकोत. पेट्रोल, नावाड्याची मजुरी आणि दुर्बिणीच्या दुरुस्तीपुरते पैसे हवेत, पण ते दहा वर्षे न चुकता हवेत. एवढी लहान रक्कम एवढ्या दीर्घ काळासाठी देणारी योजना मी आजवर पाहिलेली नाही, कारण कोणत्याही अनुदान विभागाला तिच्यात छायाचित्र काढण्याजोगे काही सापडत नाही.

जुनी परीक्षक

मी अनेक वर्षे वेगवेगळ्या निधींसाठी प्रस्तावांची छाननी केली आहे. नाथसागर यांचा मुद्दा योग्य आहे. पैशाचे तीन हिस्से करावेत: नवोदितांसाठी एका हंगामाचे छोटे अनुदान, प्रश्नाची उकल करणारे तीन वर्षांचे अनुदान आणि नोंदी खंडित होऊ नयेत म्हणून दहा वर्षांचे अगदी लहान अनुदान. पहिल्या हिश्श्यात काही प्रकल्प फसणारच. ते फसले नाहीत, तर आपण फारच सावधपणे निवड करीत आहोत असे समजावे.

छोट्या अनुदानांच्या अर्जांतील अव्वल आणि अगदीच कच्चे कोणते यावर परीक्षकांचे एकमत होते, पण मधल्या ढिगाऱ्यावर होत नाही. त्या ढिगाऱ्यात कोणाचे इंग्रजी सफाईदार आहे, यावर निकाल लागतो आणि त्याला आम्ही ‘गुणवत्ता’ म्हणतो. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने नव्या कल्पनांच्या अनुदानासाठी पात्र प्रस्तावांत सोडत काढण्याची पद्धत सुरू केली. ती मला आरंभी हास्यास्पद वाटली होती, आज वाटत नाही. निदान अर्ज मराठीत घ्या आणि तो दोन पानांचा ठेवा. निवड समितीत एक माणूस शेती किंवा मेंढपाळी करणारा असावा आणि त्यालाही इतर परीक्षकांइतकेच मानधन द्यावे. नकार कळवताना कारण लिहा. दोन ओळी पुरतात. मी स्वतः शेकडो नकार कारणाविना पाठवले आहेत, आणि आज मला त्याचा पश्चात्ताप होतो.

परिणाम कसा मोजावा, याचे आपल्याकडील उदाहरण घेऊ. कठडा नसलेल्या विहिरींत लांडगे, बिबटे, खोकडे पडतात. एखादी संस्था म्हणेल की आम्ही दोनशे विहिरींना कठडे बांधले. ती झाली कामाची मोजणी, परिणामाची नव्हे. परिणाम पाहायचा तर कठडे बांधलेली गावे आणि तशीच राहिलेली गावे यांच्या नोंदी कामाआधी व कामानंतर, दोन्ही वेळा घ्याव्या लागतात, आणि कोणत्या गावांत आधी बांधायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवले तर अधिक चांगले. केंब्रिज विद्यापीठात संवर्धनातील उपायांचे असे पुरावे एकत्र करण्याचा उपक्रम कित्येक वर्षे चालू आहे. तो चाळताना जाणवते की, आपण ज्यांवर मुक्तहस्ते खर्च करतो, अशा कितीतरी उपायांची कोणी धड चाचणीच घेतलेली नाही.

शेवटचा हप्ता यशाशी जोडू नका. नोंदी पूर्ण आणि खुल्या असतील तर तो द्या. देणाऱ्यासमोर घेणारा सहसा खरे बोलत नाही. खरे बोलल्याने त्याचे नुकसान होणार नाही, अशी तजवीज देणाऱ्यालाच करावी लागते.

गोदातीर

तीन हिश्श्यांची मांडणी मी स्वीकारत आहे आणि विश्वस्तांसमोर पुढील महिन्यात ठेवीन. अर्ज जानेवारीऐवजी पाडव्यानंतर मागवावेत, निवड पावसाळ्याच्या आरंभी व्हावी, आणि माणसांच्या मुलाखतींची कामे टोळ्या गावात असताना, म्हणजे दसऱ्यापूर्वी, व्हावीत असे वेळापत्रक करते आहे. कंपन्यांच्या निधीसाठी ‘चालू प्रकल्प’ हा शब्द मी पत्रात आजच घातला. माळावरील वृक्षलागवडीविषयीचे वाक्य धोरणाच्या पहिल्या पानावर असेल. वेतनाखेरीज ‘स्थानिक जाणकारांचे मानधन’ हा रकाना सक्तीचा असेल; तो रिकामा असेल तर अर्ज परत जाईल.

न आवडणारा आकडा छापण्याची मुभा मी लेखी मागितली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

अर्जाच्या नमुन्याचा मराठी मसुदा काही जाणकार मंडळींसमोर बसून वाचावा, असे मनात आहे. पाटोदा परिसरात एप्रिलमध्ये बैठक घेतली, तर सोयीचे होईल का?

माळावरचा

ताई, एप्रिलमध्ये आमचा वाडा त्याच भागात असतो. बैठक सकाळी ठेवू नका, कारण दिवसभर सगळे मेंढरांमागे असतात. दिवस मावळल्यावर मेंढरे वाड्यावर आली की लोक निवांत बसतात. सभागृह नको, वाड्यावरच या. आजोबांना वाचता येत नाही, तेव्हा नमुना मोठ्याने वाचून दाखवावा लागेल. त्यांना जे दोनदा विचारावे लागेल, ते वाक्य नमुन्यातून काढून टाकावे, एवढेच सुचवतो.

हिशेबनीस

मीही लातूरहून येतो. बदल अहवाल रखडलेल्या मंडळांनी मूळ नोंदणीपत्र आणि शेवटच्या मंजूर कार्यकारिणीची यादी सोबत आणावी; झेरॉक्स चालेल.